आजारपणाचं कर्ज आणि नादारीचा कायदा: कलमांमधून इतिहास कसा वाचायचा?

समजा, पेण तालुक्यातल्या जिते गावात एका कुटुंबाचा गणपतीचा छोटा कारखाना आहे. पनवेल–रोहा मार्गावर आपटा आणि हमरापूरच्या मध्ये हे छोटं स्टेशन लागतं. हा सगळा पट्टा मूर्तिकामासाठी ओळखला जातो. या धंद्यात पैसा आधी जातो आणि मग येतो: माती, रंग, कारागिरांची मजुरी हा खर्च कित्येक महिने चालतो आणि वसुली होते गणेशोत्सवाच्या तोंडावर. म्हणून कर्ज काढणं ही इथे उधळपट्टी नसते, ती धंद्याची रीतच असते. आता समजा, ऐन हंगामाच्या आधी घरातल्या मुख्य कारागिराला डायलिसिसवर जावं लागलं. त्याचा हात थांबला, म्हणजे मिळकत घटली. त्याच महिन्यात दवाखान्याचा खर्च सुरू झाला. हप्ते मात्र जिथल्या तिथे.

हे कुटुंब काल्पनिक आहे. त्याच्यापुढचा प्रश्न मात्र खरा आणि जुना आहे: "आजारामुळे कर्ज फेडता येत नसेल, तर कायदा मला काय म्हणतो?" या पोस्टमध्ये आपण हा प्रश्न गेल्या दीडशे वर्षांतल्या कायद्यांना विचारणार आहोत. तुमच्यापैकी बरेच जण संशोधनाच्या तयारीत आहात, त्यामुळे उत्तराबरोबर ते शोधायचं कसं हेही बघू.

मी मूळची विज्ञानाची. प्रयोगशाळेत एक सवय लागते: उपकरण काय मोजतंय हे बघायच्या आधी ते काय मोजू शकत नाही हे बघायचं. कायदा वाचताना मी तेच करते. कुठल्याही कर्जमुक्तीच्या कायद्याला तीन प्रश्न विचारा. आत कोणाला घेतात? आत आल्यावर काय विचारतात? आणि बाहेर पडताना माणसाच्या हातात काय उरतं? वहीत तीन रकाने करा. पुढचं सगळं त्या रकान्यांत बसेल.

आधी शब्द

मराठीत यासाठी दोन शब्द आहेत. एक 'दिवाळखोर'. धंदा बुडालेला व्यापारी भरदिवसा दुकानात दिवा लावून तसं जाहीर करायचा, त्यावरून 'दिवाळं' आलं असं सांगतात. व्युत्पत्ती काहीही असो, शब्दाला चिकटलेला डाग आजही जात नाही. दुसरा शब्द फारसीतून आलेला 'नादार', म्हणजे ज्याच्याकडे काही नाही तो. यात दोषारोप नाही, फक्त स्थिती सांगितली आहे. कायद्याच्या मराठीत १९२० च्या कायद्याला 'प्रांतिक नादारी अधिनियम' म्हणतात. घरात बोलताना मात्र आपण 'दिवाळं निघालं' म्हणतो. या दोन शब्दांमधला फरक पुढे कलमांमध्येही दिसेल.

१८७९: पन्नास रुपयांची मर्यादा

१२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे इथे शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि कर्जरोखे जाळले. पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांत पसरलेल्या या उठावाला इतिहासात 'दख्खनचे दंगे' म्हणतात. सरकारने चौकशी आयोग नेमला आणि त्यातून १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. या कायद्याने कोर्टाला रोख्याच्या मागे जाऊन मूळ व्यवहार तपासायची मुभा दिली. पैशाच्या हुकूमनाम्यासाठी शेतकऱ्याला अटक करणं बंद केलं. आणि ज्या शेतकऱ्याचं कर्ज पन्नास रुपये किंवा त्याहून जास्त आहे, त्याला नादार ठरवून घेण्यासाठी अर्ज करता येईल अशी तरतूद केली.

आता पहिला रकाना भरा. आत कोण? फक्त शेतकरी. कुठले? सुरुवातीला पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांतले. जिते तेव्हा कुलाबा जिल्ह्यात होतं (याच जिल्ह्याचं नाव १९८१ मध्ये रायगड झालं) आणि कुलाबा या चारांत नव्हता. दंगा जिथे झाला तिथे आणि त्याच्या शेजारी कायदा आला. ही गोष्ट लक्षात ठेवा, ती शेवटी कामाला येईल: सवलत बहुतेक वेळा सामूहिक संकटाला मिळते, कारण ते संकट सरकारला दिसतं.

१९२०: 'आठ आणे' आणि एक महत्त्वाचं 'जर'

मुंबई, कलकत्ता आणि मद्रास या शहरांसाठी १९०९ चा वेगळा नादारी कायदा होता. बाकी मुलखासाठी १९२० चा प्रांतिक नादारी कायदा आला. म्हणजे जित्याहून मुंबईत कामाला गेलेला भाऊ हायकोर्टात अर्ज करणार आणि गावात राहिलेला भाऊ जिल्हा न्यायालयाच्या यंत्रणेकडे जाणार. कुटुंब एक, आजार एक, कायदे दोन.

१९२० च्या कायद्याचं दहावं कलम सांगतं की कर्जदाराला स्वतःहून अर्ज करायचा असेल तर तीनपैकी एक गोष्ट हवी: कर्ज पाचशे रुपये तरी हवं, किंवा पैशाच्या हुकूमनाम्यात त्याला अटक किंवा कैद झालेली हवी, किंवा त्याच्या मालमत्तेवर जप्तीचा हुकूम चालू हवा.

पाचशे रुपये आज किरकोळ वाटतात. तेव्हा किती होते? इथे दुसरं साधन लागतं. मुंबईच्या लेबर ऑफिसने १९२१–२२ मध्ये कामगार कुटुंबांच्या जमाखर्चाची पाहणी केली. सरासरी कुटुंबाची महिन्याची मिळकत सुमारे ५२ रुपये निघाली. ४७ टक्के कुटुंबं कर्जात होती आणि कर्ज साधारण अडीच महिन्यांच्या कमाईइतकं होतं. नेहमीचा व्याजदर होता रुपयाला महिना एक आणा, म्हणजे वर्षाला ७५ टक्के.

गणित करा. अडीच महिन्यांची कमाई म्हणजे सुमारे १३० रुपये. कायद्याची अट ५०० रुपयांची. म्हणजे कर्जात असलेलं साधारण कामगार कुटुंब नादारीच्या पहिल्या दारापर्यंत पोचतच नव्हतं. ते पोचणार कधी? अटक झाल्यावर, किंवा भांडीकुंडी जप्तीला लागल्यावर. कायद्याचा मजकूर आणि जमाखर्चाची पाहणी ही दोन साधनं शेजारी ठेवली की हे दिसतं. एकट्या कायद्यातून दिसत नाही.

आता दुसरा रकाना: आत आल्यावर काय विचारतात? कलम ४२ बघा. नादाराची मालमत्ता त्याच्या बिनतारणी देण्याच्या रुपयामागे आठ आणेही भरत नसेल, तर कोर्टाने त्याला बिनशर्त मुक्तता द्यायची नाही. इंग्लंडच्या कायद्यात हेच माप पौंडामागे दहा शिलिंग होतं. दोन्हीकडे निम्मं. पण लगेच पुढे अपवाद आहे: ही अवस्था ज्यासाठी त्याला न्यायाने जबाबदार धरता येणार नाही अशा परिस्थितीतून आली, असं त्याने कोर्टाला पटवून दिलं तर ही अडचण उरत नाही. त्याच कलमात सट्टा, जुगार, वाजवीपेक्षा जास्त उधळेपणा आणि धंद्याकडे केलेलं अक्षम्य दुर्लक्ष ही मुक्तता अडवणारी कारणंही आहेत.

'आजार' हा शब्द या यादीत नाही. तरी आजारी माणूस त्या अपवादात अगदी नीट बसतो, कारण आजारपणापेक्षा जास्त 'माझ्या हातात नसलेली परिस्थिती' कुठली? फक्त पुरावा त्यानेच द्यायचा. म्हणजे कायद्याला नशिबाचा फटका कळत होता. गृहीत मात्र संशय होता, आणि तो दूर करायचं काम अंथरुणावरच्या माणसाचं होतं.

आजार हा शब्द कायद्यात कुठे सापडतो?

तो सापडतो १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेत, कलम ५९ मध्ये. हुकूमनाम्याचे पैसे न दिल्याबद्दल अटकेचं वॉरंट निघालं असेल आणि कर्जदार गंभीर आजारी असेल, तर कोर्ट ते रद्द करू शकतं. अटक झाली असेल आणि तब्येत कैदेत ठेवण्यासारखी नसेल, तर सोडू शकतं. कैदेत असताना गंभीर आजार झाला तरी सोडू शकतं. संसर्गजन्य रोगाच्या कारणावरून सरकारही सोडू शकतं.

वाचून बरं वाटतं ना? पुढचं पोटकलम वाचा: अशा सुटलेल्या माणसाला पुन्हा अटक करता येते. कर्ज तसंच राहतं. या कलमाला आजार दिसतो तो शरीराचा, तुरुंगात ठेवण्याजोगं आहे की नाही एवढ्यापुरता. आजाराने मिळकत थांबवली हे त्याच्या मापात येत नाही. उपकरण काय मोजू शकत नाही हे आधी बघा असं मी म्हटलं, ते यासाठी.

त्याच संहितेचं कलम ६० मात्र आपल्या कारागिराच्या कामाचं आहे. अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण आणि कारागिराची हत्यारं जप्त करता येत नाहीत. नादारीतही ही मालमत्ता रिसीव्हरकडे जात नाही. मूर्तिकाराची कामाची अवजारं त्याच्याकडेच राहतात. तिसऱ्या रकान्यात हे लिहा. बरं होऊन परत काम करता यावं इतकं तरी हातात ठेवायचं, ही जुन्या कायद्यातली शहाणी गोष्ट आहे.

कैदेबद्दलही मत हळूहळू बदललं. १९३१ च्या व्हिटली आयोगाने महिना शंभर रुपयांपेक्षा कमी मिळवणाऱ्या कामगाराला कर्जासाठी अटक होऊ नये अशी शिफारस केली. १९३६ मध्ये संहितेत दुरुस्ती होऊन प्रामाणिक कर्जदाराला संरक्षण मिळालं. १९८० मध्ये जॉली जॉर्ज वर्गीस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की केवळ फेडता येत नाही म्हणून कोणाला तुरुंगात टाकता येणार नाही. जवळ असून न देण्याचा वाईट हेतू दिसला पाहिजे.

१९७५: कर्ज पुसलं, पण एका तारखेचं

आणीबाणीच्या काळात, ऑगस्ट १९७५ मध्ये, महाराष्ट्र सरकारने अध्यादेश काढला आणि पुढे १९७६ चा महाराष्ट्र कर्जमुक्ती कायदा झाला. छोटे शेतकरी, शेतमजूर, ग्रामीण कारागीर आणि कमी मिळकतीचे कामगार यांचं सावकारी कर्ज त्याने रद्द केलं. बँका, सहकारी संस्था आणि सरकार यांची देणी बाहेर ठेवली. १९७७ मध्ये फत्तेचंद हिम्मतलाल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तो वैध ठरवला. इथे 'ग्रामीण कारागीर' हा शब्द स्पष्ट आहे, म्हणजे जित्याचा मूर्तिकार पहिल्यांदाच थेट दारात उभा दिसतो.

पण या कायद्याला एक ठरलेला दिवस होता. त्या दिवशी जे कर्ज होतं ते गेलं. पुढच्या वर्षी आजारी पडलेल्याने काय करायचं? २०१७ आणि २०१९ च्या शेतकरी कर्जमाफी योजनांचंही तेच. त्या शेतकऱ्यांच्या कर्जांसाठी होत्या आणि तारखांना बांधलेल्या होत्या. दुष्काळ सगळ्या तालुक्याला एकदम येतो, त्यामुळे त्याला तारीख देता येते, मोर्चा निघतो, घोषणा होते. डायलिसिस एका घरात येतो. त्याचा मोर्चा निघत नाही. म्हणून अशा एकट्याच्या संकटाला कायम उघडं असणारं दार लागतं, आणि नादारीचा कायदा तेवढाच तसा आहे. माझ्या मते या सगळ्या इतिहासाचा मुद्दा हा आहे. त्याची मर्यादा किती, अट काय, हे प्रश्न म्हणूनच कोरडे नाहीत.

२०१६: नवं दार, अजून न उघडलेलं

२०१६ मध्ये नादारी व दिवाळखोरी संहिता आली. बातम्यांत ती कंपन्यांमुळे असते, पण तिच्या तिसऱ्या भागात सामान्य माणसासाठी 'नवी सुरुवात' नावाची प्रक्रिया आहे. अटी अशा: वर्षाची मिळकत ६०,००० रुपयांपेक्षा जास्त नको, मालमत्ता २०,००० पेक्षा जास्त नको, पात्र कर्ज ३५,००० पेक्षा जास्त नको आणि स्वतःचं घर नको.

आपल्या कुटुंबाला लावून बघा. गावात छोटं का होईना घर आहे: बाद. खासगी रुग्णालयाचं एकच मोठं बिल ३५,००० च्या वर जातं: बाद. दागिने ठेवून काढलेलं कर्ज तारणी आहे, ते पात्र कर्जात धरत नाहीत. अर्जाच्या आधीच्या तीन महिन्यांत काढलेलं कर्जही धरत नाहीत, आणि आजारपणाचं कर्ज तर बहुधा ताजंच असतं. तुमच्यासाठी अजून एक: शैक्षणिक कर्ज 'वगळलेलं कर्ज' आहे, तेही यात सुटत नाही.

आणि मुख्य गोष्ट. १ डिसेंबर २०१९ पासून तिसरा भाग लागू झाला तो फक्त कंपन्यांच्या कर्जाला वैयक्तिक हमी देणाऱ्यांसाठी. बाकी व्यक्तींसाठी 'नवी सुरुवात' कागदावरच आहे आणि जुने कायदे रद्द करणारं कलमही लागू झालेलं नाही. म्हणजे जित्याच्या कारागिराला आजही १९२० चाच कायदा लागतो. पाचशे रुपयांची अट तशीच आहे. फक्त आता ती कोणालाच अडवत नाही. महागाईने जी अट सैल केली, ती २०१६ मध्ये वेगळ्या आकड्यांनी परत घट्ट लिहिली गेली. 'कायदा झाला' आणि 'कायदा लागू झाला' या दोन वेगळ्या तारखा असतात. प्रबंधात लिहिताना दोन्ही तपासा.

आजारामुळे किती जण बुडतात? मोजणीचा वाद

मार्गदर्शक हमखास विचारतात: "आकडा काय?" अमेरिकेतला एक वाद यासाठी वाचण्यासारखा आहे. हिमेलस्टीन आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये नादारीत गेलेल्यांची पाहणी करून २००९ मध्ये लिहिलं की सुमारे ६२ टक्के प्रकरणांमागे वैद्यकीय कारण आहे. २०१८ मध्ये डॉबकिन, फिंकेलस्टीन आणि सहकाऱ्यांनी कॅलिफोर्नियात रुग्णालयात दाखल झालेल्यांच्या नोंदी घेतल्या आणि त्यांचा अंदाज आला सुमारे ४ टक्के.

६२ आणि ४! कोणीतरी खोटं बोलतंय का? नाही. पहिल्यांनी बुडालेल्यांना गाठून मागे वळून कारण विचारलं. दुसऱ्यांनी रुग्णांपासून सुरुवात करून दाखल होण्याआधी आणि नंतर नादारी किती वाढली ते पाहिलं. पहिल्या पद्धतीत आजार असला की तो कारणात मोजला जातो, मग बाकी कारणं असोत. दुसऱ्या पद्धतीत दाखल न होता वर्षानुवर्षं औषधं घेणारा माणूस सुटतो. तिसरी वाट अनिरुद्ध कृष्ण यांची: राजस्थान, गुजरात, आंध्रातल्या आणि इतर देशांतल्या गावांत बसून, कुठलं घर कधी आणि कशामुळे गरिबीत गेलं हे लोकांकडूनच समजून घ्यायचं. आजारपण आणि त्याचा खर्च हे घसरणीचं सगळ्यात ठळक कारण म्हणून त्यांच्यापुढे आलं.

आपल्याकडच्या कोर्टाच्या दफ्तरात संशोधनासाठी उतराल तेव्हा हे लक्षात ठेवा. अर्जाच्या फाइलीत रक्कम, सावकारांची यादी आणि मालमत्ता असणार, कारण कायदा तेच विचारतो. आजार दिसला तर तो कलम ४२ च्या उत्तरात, 'माझा दोष नाही' हे पटवताना दिसेल. तिथे शोधा. आणि फाइलीत आजार नाही म्हणजे घरात आजार नव्हता असं समजू नका.

कर्जाच्या आधीचा उपाय

दुसरी वाट म्हणजे आजाराचं कर्ज होऊच न देणं. बी. पी. अडारकर यांच्या १९४४ च्या अहवालातून १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा आला: औषधोपचारही मिळतो आणि आजारपणात रोख भत्ताही. पण आस्थापनेत साधारण दहा माणसं हवीत. चार-पाच जणांचा कारखाना बाहेर. २ जुलै २०१२ ला राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना पहिल्या टप्प्यात आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यात रायगड होता. आज ती महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. देशाच्या एकूण आरोग्यखर्चात लोकांच्या खिशातून जाणारा वाटा २०१३–१४ मध्ये ६४.२ टक्के होता, तो २०२१–२२ मध्ये ३९.४ टक्क्यांवर आला. ही मोठी घट आहे. पण या योजना रुग्णालयाचं बिल भरतात. बुडालेल्या हंगामाची मिळकत भरून देत नाहीत. हप्ता चुकतो तो बऱ्याचदा त्या दुसऱ्या कारणाने.

ही पोस्ट म्हणजे कायदेशीर सल्ला नाही. तुमच्या ओळखीत कोणी खरंच या कात्रीत असेल, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जायला सांगा. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमाती आणि ठरावीक मर्यादेखालच्या मिळकतीचे लोक यांना तिथे मोफत वकील मिळतो. आणि जाताना त्यांना 'नादार' हा शब्द सांगून ठेवा. कोर्टात तोच लागतो, आणि त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

तुमच्यासाठी गृहपाठ: तुमच्या विषयातला कुठलाही एक कल्याणकारी कायदा घ्या आणि वहीतले तीन रकाने भरा. पहिल्या रकान्यातल्या आकड्याशेजारी त्याच वर्षीची मजुरी लिहा. मग दार कोणासाठी होतं ते आपोआप दिसेल.